शेजारणीची मुलं सांभाळली तर आमचं ग्रीन कार्ड अडकेल का?

प्रश्न : आम्ही कॅलिफोर्नियात सनीव्हेलला राहतो. ग्रीन कार्डचा अर्ज प्रलंबित आहे. शेजारी ग्वाटेमालाचं कुटुंब आहे. बाईंच्या नवऱ्याला कामावर जाताना आयसीई या केंद्रीय इमिग्रेशन यंत्रणेने धरून नेलं. बाईंकडेही कागदपत्रं नाहीत. "मलाही नेलं तर मुलांना बघशील का?" असं त्या विचारतात. मोठी मुलगी १२ वर्षांची, धाकटा ६ वर्षांचा, इथेच जन्मलेला. माझा नवरा म्हणतो, कशावरही सही करू नकोस. काय करू?

उत्तर : ताई, तुमच्या यजमानांची काळजी मी समजू शकते. पण आईने विश्वासाने सोपवलेली मुलं उघडपणे घरी ठेवणं, त्यांना जेवू घालणं, शाळेत सोडणं हा गुन्हा नाही. केंद्रीय कायद्याचं कलम १३२४ आहे ते बेकायदा राहणाऱ्याला आसरा देऊन सरकारपासून दडवून ठेवण्याबद्दल. तेव्हा कुणाला लपवू नका आणि अधिकाऱ्यांशी खोटं बोलू नका. गप्प राहण्याचा हक्क तुम्हाला आहे, खोटं बोलण्याचा नाही. त्या बाई तुमच्याकडे कामाला आहेत का, हे तुम्ही लिहिलेलं नाही. असतील तर तो वेगळा प्रश्न आहे, तुमच्या अर्जाच्या वकिलांना तो आजच सांगा.

आता कागद. कॅलिफोर्नियात 'केअरगिव्हर्स ऑथरायझेशन अ‍ॅफिडेव्हिट' हा मूल सांभाळणाऱ्याने भरायचा प्रतिज्ञापत्राचा छापील फॉर्म मिळतो. त्याला कोर्ट लागत नाही, नोटरीही लागत नाही. मात्र 'मूल माझ्या घरी राहतं' असं तुम्ही त्यात शपथेवर सांगता, म्हणून आत्ता सही करायची नाही. नावं, जन्मतारखा भरून ठेवा आणि मुलं खरोखर राहायला आली की त्या दिवशी सही करा.

तुम्ही नात्यातल्या नाही, त्यामुळे या फॉर्मवर शाळाप्रवेश आणि शाळेशी संबंधित औषधोपचार एवढंच भागतं. धाकट्याला रात्री ताप चढून दवाखान्यात न्यावं लागलं, तर हा कागद अपुरा पडेल. त्यासाठी आईने स्वतःच्या सहीने तुम्हाला उपचारांची परवानगी लिहून द्यायची. राज्याच्या कौटुंबिक संहितेच्या कलम ६९१० मध्ये ती सोय आहे. हे पत्र याच आठवड्यात करून घ्या, कारण कोठडीतून सही मिळवताना नातेवाइकांचे फार हाल होतात. दुरावा लांबणार असं दिसलं तर २०२५ च्या राज्य कायद्याने आईसोबत सहपालक नेमून घेता येतो, पण ते कोर्टातून आणि वकिलामार्फतच.

शाळेच्या इमर्जन्सी कार्डावर तुमचं नाव आईकडून घालून घ्या. मोठीच्या शाळेची धास्ती नको. कागदपत्रं नाहीत म्हणून सरकारी शाळेतून मुलाला वगळता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 'प्लायलर विरुद्ध डो' खटल्यात १९८२ सालीच ठरवलंय. धाकट्याचा अमेरिकी पासपोर्ट काढायला सांगा आणि सॅन फ्रान्सिस्कोतल्या ग्वाटेमालाच्या वकिलातीत त्याची जन्मनोंदही करायला सांगा. आईला परत पाठवलं आणि मुलाला सोबत न्यायचं ठरलं, तर दोन्ही लागतील. कमावता माणूस आत आहे, म्हणजे घरात चणचण असणार. कॅलिफोर्नियातल्या सरकारी शाळांत सगळ्या मुलांना जेवण मोफत असतं, आणि 'सेकंड हार्वेस्ट' फूड बँकेत धान्य घेताना कुणी कागदपत्रं मागत नाही.

शेवटचं, आणि मला याचीच जास्त चिंता वाटते. नवऱ्याच्या खटल्यासाठी बाई घाबरून एखाद्या 'नोटारिओ'कडे धाव घेतील. त्यांच्या देशात नोटारिओ हा वकीलच असतो. इथला नोटरी फक्त सही साक्षांकित करतो, त्याला इमिग्रेशनचा सल्ला द्यायचा अधिकारच नाही. अशांनी भरलेल्या चुकीच्या अर्जांनी कुटुंबंच्या कुटुंबं अडचणीत आली आहेत. इमिग्रेशन कोर्टात सरकार वकील देत नाही, म्हणून सॅन होजेच्या 'सायरन' संस्थेत किंवा कॅथलिक चॅरिटीजमध्ये जा आणि तिथे वकील किंवा न्यायखात्याची मान्यता असलेला प्रतिनिधीच भेटेल असं बघा. नवऱ्याचा 'ए नंबर' (इमिग्रेशन खात्याने दिलेला ओळख क्रमांक) आणि जन्मदेश सोबत न्या. तो कुठल्या कोठडीत आहे हे त्यावरून आयसीईच्या संकेतस्थळावर शोधता येतं. नंबर सापडत नसेल तर पूर्ण नाव, जन्मदेश आणि जन्मतारीख टाकूनही शोधता येतं, फक्त नावाचं स्पेलिंग त्यांच्या नोंदीशी तंतोतंत जुळायला हवं.