शेवंतीला पानंच पानं, कळी का नाही?

तुम्ही विचारलंय, गॅलरीतली शेवंती हिरवीगार आहे पण डिसेंबर लागला तरी कळीचा पत्ता नाही, तर खत वाढवू का?

खताची पिशवी तूर्त आत ठेवा. आज रात्री ११ वाजता घरातले दिवे मालवून कुंडीपाशी उभे राहा. रस्त्याचा दिवा, समोरच्या दुकानाची पाटी, कशाच्याही उजेडात पानांची सावली फरशीवर दिसत असेल, तर घोटाळा तिथेच आहे.

मी यात अख्खा हंगाम घालवलाय. एकाच झाडाच्या काशा (बुडाशी फुटणारे कोंब) दोन कुंड्यांत लावल्या होत्या. पाण्याच्या टाकीआडची कुंडी नोव्हेंबरात पिवळीधमक झाली. कठड्यावरची, खांबावरच्या नव्या एलईडीच्या अगदी तोंडावर होती, ती नुसती उंच होत राहिली. मी तिला शेणखत घातलं, ती आणखी उंच झाली!

शेवंतीला फुलायला लांब आणि सलग रात्र लागते. आपल्याकडे, म्हणजे पुण्याच्या आसपास, जूनमधला दिवस १३ तासांहून थोडा मोठा, डिसेंबरातला ११ तासांचा. एवढा फरक तिला पुरतो, कारण तास मोजणारं घड्याळ तिच्या आतच असतं. १७२९ मध्ये द मेराँ या फ्रेंच शास्त्रज्ञाने पानं मिटणारं एक झाड अंधारात ठेवलं, तरी ते ठरल्या वेळी पानं उघडत-मिटत राहिलं. ऊन या घड्याळाची रोज फक्त वेळ लावून देतं. शेवंतीचं पान अंधार पडल्यावर काही तासांनी उजेडाला फार हळवं होतं. तेव्हा उजेड पडला, त्यातही तांबडा, की पानात फुलणं रोखणारं प्रथिन तयार होतं.

पॉलिहाऊसवाले मुद्दाम हेच करतात. दांडा हवा तेवढा लांब होईस्तोवर मध्यरात्री काही तास दिवे लावून कळी अडवतात. तुमच्याकडे ते काम खांबावरचा दिवा फुकटात करतोय.

कुंडी आडोशाला हलवा. जागाच नसेल तर संध्याकाळी ६ ला वर पुठ्ठ्याचा मोठा खोका उपडा घाला, सकाळी ८ ला काढा. पांढरी चादर चालणार नाही, उजेड झिरपतो. रोज करा, अधूनमधून करून उपयोग नाही. शेंडे आता खुडू नका, कळ्या तिथेच येणार आहेत. साधारण ३-४ आठवड्यांत बारीक कळ्या दिसतील. त्यांना रंग चढला की झाकणं थांबवा.