पेनड्राइव्ह दुसऱ्याच्या हाती देण्यापूर्वी

विंडोज १० चं नेहमीचं सहाय्य १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबलं. जुने संगणक भंगारात न काढता त्यांवर लिनक्स चढवायचं, आणि त्यासाठी मराठी फॉन्ट, कळफलक व आपली सॉफ्टवेअरं घातलेली स्वतःची आयएसओ (इन्स्टॉलची सगळी सामग्री असलेली एकच फाइल) बनवायची, असं ठरवलेले बरेच वाचक मला लिहितात. आयएसओ बनवणं जमतं. ती तपासायची कशी, यावर मात्र तोच घोळ पुन्हा पुन्हा समोर येतो, म्हणून ही उत्तरं एकत्र देतो आहे.

चाचणीसाठी वेगळा संगणक घ्यावाच लागेल का?

सुरुवातीला नाही, व्हर्च्युअलबॉक्स किंवा क्यूईएमयू (संगणकातच खोटा संगणक, म्हणजे व्हर्च्युअल मशीन, चालवणारी सॉफ्टवेअरं) पुरेसं आहे.

व्हर्च्युअल मशीनवर तीनदा नीट इन्स्टॉल झालं. आता वाटायला हरकत नाही ना?

हरकत आहे. तिन्ही वेळा तुम्ही बहुधा एकाच पद्धतीने बूट केलं असेल. जुनं बायॉस आणि नवं यूईएफआय या संगणक सुरू करण्याच्या दोन्ही पद्धतींनी, कोऱ्या डिस्कवर आणि आधीच विंडोज असलेल्या डिस्कवर, इंटरनेट जोडून आणि तोडून असं सगळं करून पाहा. प्रत्येक वेळी आधी स्नॅपशॉट (परत येता येईल अशी मशीनची त्या क्षणाची नोंद) घ्या.

त्यानंतरही खऱ्या यंत्रावर चाचणी लागतेच. लिनक्सचाच एक प्रकार असलेलं उबुंटू १७.१० ऑक्टोबर २०१७ मध्ये आलं आणि डिसेंबरमध्ये त्याचं डाउनलोड थांबवावं लागलं. कर्नेलमधल्या (लिनक्सच्या गाभ्यातल्या) एका ड्रायव्हरमुळे लेनोवोसह काही लॅपटॉपच्या बायॉसची मेमरी बिघडत होती. दुरुस्त आयएसओ जानेवारी २०१८ मध्ये आली. व्हर्च्युअल मशीनमध्ये बायॉसची ती चिपच नसते, तर दोष दिसणार कसा? तुमच्याकडे ज्या ज्या मॉडेलचे संगणक आहेत, त्यातला प्रत्येकी एक चाचणीला घ्या. वॉरंटी चालू असेल तर आधी विक्रेत्याला विचारा.

आमच्या लॅबमध्ये चाळीस संगणक आहेत. काहीही न विचारता इन्स्टॉल होईल असा पेनड्राइव्ह बनवलाय. पहिली डिस्क कायम एसडीए असते असं दुरुस्तीवाले म्हणाले, तेच नाव घातलंय. बरोबर ना?

नाही. हा पेनड्राइव्ह आत्ताच बाजूला काढून ठेवा आणि त्यावर ठळक चिठ्ठी लावा.

कर्नेलला डिस्क ज्या क्रमाने सापडतात त्या क्रमाने ही नावं पडतात. आज एसडीए असलेली डिस्क पुढच्या वेळी एसडीबी असू शकते. एनव्हीएमई या नव्या, वेगवान प्रकारच्या डिस्कचं नाव तर मुळातच वेगळं. अशा यंत्रावर एसडीए म्हणजे कुणीतरी लावून ठेवलेली बॅकअपची डिस्क असू शकते, किंवा खुद्द तुमचा पेनड्राइव्ह. एका शाळेत असाच माझा पेनड्राइव्ह ऑफिसच्या संगणकात राहिला होता. रात्री वीज गेली, आली, संगणक यूएसबीवरून सुरू झाला आणि सकाळी दाखल्यांच्या नोंदी गेलेल्या होत्या. ती चूक माझी होती, आणि म्हणूनच या प्रश्नावर मी थोडक्यात उत्तर देऊ शकत नाही.

उबुंटूच्या ऑटोइन्स्टॉलमध्ये (आपोआप इन्स्टॉल करण्याच्या सोयीत) यावर एक आडकाठी मुद्दाम ठेवलेली आहे: कर्नेलच्या ओळीत ‘ऑटोइन्स्टॉल’ हा शब्द नसेल, तर डिस्कवर काही लिहिण्याआधी इन्स्टॉलर परवानगी मागतो. वेळ वाचावा म्हणून लोक तो शब्द घालतात. डेबियन या दुसऱ्या लिनक्सच्या प्रीसीडमध्येही (उत्तरं आधीच भरलेल्या फाइलमध्ये) डिस्कच्या विभाजनाच्या खात्रीच्या प्रश्नांना आधीच ‘हो’ भरून ठेवतात. भाषा, वेळ, वापरकर्ता हे सगळं खुशाल आपोआप होऊ द्या. डिस्कचा प्रश्न माणसालाच विचारला गेला पाहिजे. चाळीस वेळा एक कळ दाबायला कितीसा वेळ लागतो?

चाचणी अशी करा. व्हर्च्युअल मशीनला तीन डिस्क जोडा. एकीवर खोट्या फाइली भरून त्यांचा चेकसम (फाइल जराही बदलली तर बदलणारा आकडा) लिहून ठेवा. इन्स्टॉल करा, चेकसम पुन्हा काढा. डिस्क जोडण्याचा क्रम बदलून हेच परत करा. खऱ्या यंत्रावर जाताना डेटाच्या डिस्कची केबल काढून ठेवा. नुसतं ‘ती निवडणार नाही’ म्हणून चालत नाही. बॅकअप घेतला असेल तर त्यातली एखादी फाइल परत उघडून पाहा. लॅबमध्ये हात घालण्याआधी हे काम केलेल्या माणसाला शेजारी बसवा.

सिक्युअर बूट बंद करा म्हणजे झालं, असं व्हिडिओत सांगतात.

ऐकीव सल्ला. सिक्युअर बूट म्हणजे विश्वासार्ह सही नसलेलं सॉफ्टवेअर सुरू होऊ न देणारी यूईएफआयची सोय. बिटलॉकर (विंडोजचं डिस्क कुलूपबंद करणारं एन्क्रिप्शन) चालू असलेल्या यंत्रावर हे केलंत तर विंडोज रिकव्हरी की मागू शकतं, आणि ती मालकाकडे नसेल तर डेटा अडकला. की हाताशी आहे याची खात्री करा, आणि चाचणी सिक्युअर बूट चालू ठेवूनच करा.

डाउनलोडच्या पानावर चेकसम दिला की पुरे ना?

फाइल अर्धवट उतरली का, एवढंच त्याने कळतं. २० फेब्रुवारी २०१६ ला लिनक्स मिंटच्या संकेतस्थळात शिरून हल्लेखोरांनी मागचं दार ठेवलेल्या आयएसओकडे लोकांना वळवलं होतं. जो पान बदलू शकतो तो त्यावरचा चेकसमही बदलू शकतो. चेकसमच्या फाइलवर जीपीजी सही (फक्त तुमच्या गुप्त किल्लीनेच करता येणारी डिजिटल सही) करा.

तयार यंत्राची प्रत काढूनच इमेज बनवली. चालेल?

मशीन-आयडी (यंत्राचा ओळखक्रमांक) आणि एसएसएचच्या (दुरून लॉगिन करण्याच्या सोयीच्या) होस्ट किल्ल्या पुसल्याशिवाय नाही, नाहीतर सगळ्या संगणकांची ओळख एकच होईल. चाचणीसाठी ठेवलेला पासवर्डही काढा.

दुकानात ‘हलकं विंडोज’ पेनड्राइव्हवर मिळतं, तेच घेऊ का?

नको. त्यातून काय काढलंय आणि काय घातलंय हे विकणाराही सांगू शकणार नाही.

कळफलक मराठी इनस्क्रिप्ट ठेवला, तर लॉगिनच्या पडद्यावर पासवर्ड टाइप होईना.

इंग्रजी मांडणीही सोबत ठेवा आणि बदलायची कळ पडद्यावर लिहा. डिस्क एन्क्रिप्ट केली असेल तर तिच्या पासवर्डच्या पडद्यावरही हे तपासा. तिथे अडकलात तर पुढे जाताच येत नाही.

परवा उद्घाटन आहे. चाचणी नंतर केली तर?

नाही. उद्घाटनाला नीट तपासलेला एकच संगणक ठेवा, बाकीचे त्यानंतर करा. आणि आज रात्री बसण्याआधी लॅबच्या सरांना फोन करून विचारा, कुठल्या संगणकात कुणाचा काय डेटा आहे.