निवृत्त, तरीही न्यायासनावर?

प्रश्न : अमेरिकेतले फेडरल न्यायाधीश तहहयात नेमलेले असतात, मग ते 'निवृत्त' कसे होतात? आपले निवृत्त न्यायमूर्ती वकिली करू शकतात का? – विधी शाखेची विद्यार्थिनी, सोलापूर

उत्तर : तहहयात म्हणजे निवृत्तीचे सक्तीचे वय नाही, स्वेच्छेने थांबता येते. निवृत्तिवेतनासाठी मात्र वय किमान ६५ आणि वय व सेवेची वर्षे यांची बेरीज ८० हवी : ६५ व्या वर्षी १५ वर्षे सेवा, ६७ व्या वर्षी १३. सत्तरीनंतरही १० वर्षे सेवा लागतेच. गफलत होते ती इथे : ६४ व्या वर्षी २० वर्षे सेवा असेल तर बेरीज ८४ भरते, पण वय कमी पडते. तेव्हा राजीनामा दिला, तर हे निवृत्तिवेतन गेलेच.

पात्र झाल्यावर पद सोडले, तर त्या वेळचा पूर्ण पगार आजन्म मिळतो, पुढची वाढ मात्र नाही. दुसरी वाट 'सीनियर' दर्जाची. न्यायाधीशपद कायम राहते, जागा नव्या नेमणुकीसाठी मोकळी होते आणि पगारवाढीसाठी साधारण चौथाई काम पुरते. अनुभव वाया न घालवणारी ही सोय आम्हाला फार मोलाची वाटते.

आपल्याकडे उच्च न्यायालयात ६२, सर्वोच्च न्यायालयात ६५ ही वयोमर्यादा. सर्वोच्च न्यायालयाच्या निवृत्त न्यायमूर्तींना देशात कुठेच वकिली करता येत नाही. मुंबई उच्च न्यायालयात कायम नेमणूक असलेल्या निवृत्त न्यायमूर्तींना सर्वोच्च न्यायालयात किंवा अन्य उच्च न्यायालयांत करता येते. सोलापूरच्या जिल्हा न्यायालयात नाही आणि कोल्हापूरच्या सर्किट बेंचपुढेही नाही, कारण ते बेंच मुंबई उच्च न्यायालयाचेच आहे.