ठार बहिरेपणाला वैद्यकीय शब्द कोणता?

डिचोलीच्या एका शिक्षिकाबाईंनी विचारलं आहे: त्यांच्या काकांच्या कानाच्या तपासणीच्या कागदावर इंग्रजीत ‘ॲनाक्युसिस’ असं लिहून आलंय. हा शब्द नेमका कशासाठी वापरतात? काकांचा अर्ज मराठीत लिहायचा आहे, त्यात काय लिहावं? घरचे म्हणतात तसं ‘मूकबधिर’ चालेल का?

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो. नाही चालणार. काका बोलतात, तेव्हा ते मूक नाहीत. आणि जन्मापासून ऐकू न येणारी मुलंसुद्धा घसा किंवा जीभ अधू असते म्हणून बोलत नाहीत असं नसतं; भाषा कानावर पडलेलीच नसते. त्यातली कित्येक हातांनी, चेहऱ्याने भरभरून बोलतात. सांकेतिक भाषेत गप्पा मारणाऱ्याला मूक म्हणणं मला अन्यायाचं वाटतं. जुन्या शाळांच्या पाट्यांवर हा शब्द राहिलाय, तो तिथेच राहू द्यावा.

आता मूळ शब्द. ॲनाक्युसिस ग्रीकमधून आलाय. ‘अकूसिस’ म्हणजे ऐकणं आणि त्याआधी लागलेला ‘अन्’ म्हणजे नाही. हा ‘अन्’ आपल्या अनिच्छा, अनादर यांतल्या ‘अन्’चा सख्खा भाऊच. म्हणजे श्रवणाचा पूर्ण अभाव. वयोमानाने येणाऱ्या बहिरेपणाला डॉक्टर प्रेस्बायक्युसिस म्हणतात, तो याच कुळातला.

गोव्यात याचा आणखी एक भाऊबंद सापडू शकतो. इथलं वैद्यकीय शिक्षण 1842 पासून मुक्तीपर्यंत एस्कोला मेडिको या वैद्यकीय शाळेत पोर्तुगीजमधून चालायचं, आणि पोर्तुगीज वैद्यकात संपूर्ण बहिरेपणाला ‘कोफोझ’ असा शब्द आहे. बोलीतला साधा बहिरा तो ‘सुर्दु’. कोफोझ ज्या ग्रीक ‘कोफोस’वरून आला, त्याचे अर्थ बोथट, बहिरा आणि मुका असे तिन्ही होते. म्हणजे बहिरा आणि मुका यांची गल्लत काही आपल्याकडेच झालेली नाही.

डॉक्टर मात्र हा शब्द जपून वापरतात. ऑडिओमेट्रीचा, म्हणजे ऐकण्याच्या मोजणीचा, कागद पाहा. उजव्या कानासाठी लाल गोल, डाव्यासाठी निळी फुली. यंत्राचा आवाज शेवटच्या टोकापर्यंत नेऊनही माणसाने बटण दाबलं नाही, तर त्या खुणेला खाली जाणारा छोटा बाण जोडतात: प्रतिसाद नाही. आवाजाच्या खालच्या-वरच्या सगळ्या पट्ट्यांवर असे बाण आले तरच ॲनाक्युसिसची गोष्ट. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2021 च्या वर्गवारीत 80 ते 95 डेसिबलपर्यंतची हानी अतितीव्र आणि 95 च्या पुढची संपूर्ण. आपल्या 2016 च्या दिव्यांग कायद्यात मात्र दोन्ही कानांत 70 डेसिबल हानी झाली की माणूस ‘बधिर’ ठरतो. म्हणून कायद्यातला बधिर आणि ॲनाक्युसिस एक नव्हेत. 70 वाल्याला श्रवणयंत्र लावून बरंच ऐकू येऊ शकतं.

इथे एक गैरसमज हमखास होतो. शिगम्याचा ढोल दणाणला की ठार बहिरा माणूसही वळून बघतो, आणि घरचे म्हणतात, ‘बघ, याला सगळं ऐकू येतं, सोंग करतो.’ सोंग नसतं ते. ढोलाचा हादरा छातीला, पायाला जाणवतो. तपासणीतही खालच्या पट्टीच्या मोठ्या आवाजांना असा प्रतिसाद मिळू शकतो. ते जाणवणं असतं, ऐकणं नव्हे. कृपा करून अशा माणसावर संशय घेऊ नका.

मराठीत काय म्हणावं? बोलीत ‘ठार बहिरा’ अगदी नेमका आहे. ठार वेडा, ठार आंधळा यांतला हा ‘ठार’ काही म्हणता काही उरलं नाही असं सांगतो. पण तोंडावर तो बोचतो. काकांबद्दल बोलताना ‘त्यांना अजिबात ऐकू येत नाही’ हेच बरं. संस्कृत ‘बधिर’ प्राकृतात ‘बहिर’ झाला आणि आपल्याकडे ‘बहिरा’. मधुरचं माधुर्य तसं बधिरचं बाधिर्य, आणि सुश्रुताने सांगितलेल्या 28 कर्णरोगांत बाधिर्य आहे. शब्द देखणा, पण आज वैद्यांबाहेर कुणी वापरत नाही. नुसतं ‘बधिरता’ लिहिलं तर दात काढण्याआधी हिरडी बधिर करतात ती आठवते, इंजेक्शनवाली. म्हणूनच ‘कर्णबधिर’ शब्द मला पटतो. बधिर म्हणजे बहिराच, मग कर्ण कशाला, असा आक्षेप घेतात. पण बधिरचा अर्थ सुन्नपणाकडे सरकल्यावर ‘कर्ण’ जोडणं गरजेचंच झालं.

तेव्हा बाई, अर्जात ‘दोन्ही कानांचे संपूर्ण बधिरत्व’ असं लिहा आणि काकांचा उल्लेख ‘कर्णबधिर’ असा करा. डॉक्टरांचा मूळ शब्द देवनागरीत शेजारी राहू द्या, म्हणजे गोमेकॉच्या (गोवा मेडिकल कॉलेजच्या) कागदाशी ताळमेळ लागेल. ‘दोन्ही’ मात्र कागद बघूनच लिहा. ॲनाक्युसिस एकाच कानाचाही असतो; गालगुंडानंतर एक कान कायमचा जातो आणि दुसरा खणखणीत राहतो, असं होतं. तसं असेल तर कोणता कान, उजवा की डावा, ते लिहायला हवं.