'वळवलं' की 'वळतं केलं'?

प्रश्न : यंदा उसाचं बिल जमा झालं, पण हिशोबापेक्षा निम्मंच. चौकशी केली तर गावच्या कर्ज देणाऱ्या सोसायटीत म्हणाले, 'कर्जाला वळतं करून घेतलंय.' पेपरात 'निधी वळवला' असं वाचतो, पासबुकात 'रक्कम वर्ग' असं छापून येतं. तिन्हींचा अर्थ एकच का? मला तक्रार अर्ज करायचा आहे, त्यात कोणता शब्द घालू?
– एक वाचक, पलूस तालुका

उत्तर : अर्ज करायचा म्हणताय, तर शब्द नीट निवडा. अशाच सोसायट्यांचं दप्तर सांभाळणारा गटसचिव म्हणून माझी सगळी नोकरी असल्या अर्जांवर शेरे मारण्यात गेली. तिन्ही शब्द वेगळे आहेत.

'वळवणं' हा मूळचा रानातला शब्द. रात्रपाळीच्या लाइटीवर ज्यानं दारं धरली आहेत त्याला तो समजावून सांगायला नको. सरी भरली की खोऱ्यानं पुढचं दार मोडायचं, मागच्याला माती ओढायची. पाणी आपल्या वाटेनं चाललेलंच असतं, आपण त्याची वाट बदलतो. आपली कोयनाच बघा. महाबळेश्वरातून निघून ती दक्षिणेला येते, हेळवाकजवळ पूर्वेला वळते आणि कराडात कृष्णेला मिळते. इथं नदी आपली आपण वळते. धरणातलं पाणी मात्र बोगद्यातून पश्चिमेला पोफळीच्या वीजघराकडं नेलं, तिथून ते वाशिष्ठीत जातं. ते झालं वळवलेलं. कृष्णेच्या पाणीवाटपासाठी नेमलेल्या बच्छावत लवादानं या वळवण्याला वर्षाला 67.5 टीएमसीची (म्हणजे अब्ज घनफुटांची) मर्यादा घातली होती. म्हैसाळला कृष्णेचं पाणी पंपांनी टप्प्याटप्प्यानं चढवून जतकडं नेतात, त्याला मात्र आपल्याकडं 'पाणी उचललं' म्हणतात.

निधीचंही असंच. रस्त्याला मंजूर झालेला पैसा सभागृहाला लावला, तर तो वळवला. पेपरवाले हा शब्द नाक मुरडूनच लिहितात, पण त्यात दरवेळी लबाडी असतेच असं नाही. रीतसर मंजुरी घेऊन एका लेखाशीर्षातला, म्हणजे खर्चाच्या एका सदरातला, पैसा दुसऱ्यात नेला, तर दप्तरात त्यालाच 'पुनर्विनियोजन' असं भारदस्त नाव मिळतं. लबाडी असली की गाव सरळ 'पैसे हाणले' म्हणतं.

'वर्ग करणं' हा कोरडा कारकुनी शब्द. या खात्यातून त्या खात्यात, एवढंच. का आणि कुणाच्या सांगण्यावरून, हे त्यात येत नाही. म्हणून साहेब लोकांना तो फार आवडतो.

तुमचं प्रकरण 'वळतं करणं' यातलं. इथं दोन्ही बाजूंना माणूस एकच असतो. तुमचं येणं तुमच्याच देण्यात धरायचं आणि उरेल ते हातावर ठेवायचं. बिल 80 हजार, कर्जाची थकबाकी 50 हजार, तर 30 हजार पदरात. दुकानदाराला आपण 'मागची उधारी वळती करून घ्या' म्हणतो, तेच हे. फरक एवढाच की दुकानात आपण सांगतो, सोसायटीत आपल्याला सांगतात, तेही नंतर.

सोसायटीला तसा आधार असतो. सहकारी संस्था अधिनियम 1960 च्या कलम 48-अ मध्ये शेतमालाच्या किमतीतून संस्थेचं येणं कापून घेण्याची तरतूद आहे. तिचा पाया सभासदानं लिहून दिलेला करार. कर्ज काढताना जी कागदांची चळत पुढं येते, त्यात तो असू शकतो. आपण 'इथं सही, इथं सही' करत जातो, वाचतो कोण?

तेव्हा अर्जात 'माझे बिल वळवले' असं लिहू नका. त्याचा अर्थ तुमचा पैसा भलत्याच्या कामाला लावला असा होईल, आणि 'आरोप तथ्यहीन' असा शेरा मारून सचिव मोकळा होईल. असं लिहा : 'माझ्या ऊसबिलातून रक्कम रुपये अमुक कर्ज खाती वळती करून घेतली आहे. त्यास आधार असलेल्या कराराची प्रत, तसेच मुद्दल व व्याज यांचा तपशीलवार उतारा मिळावा.' अर्ज दोन प्रतींत करा आणि दुसरीवर आवक क्रमांक व शिक्का घेतल्याशिवाय खुर्चीवरून उठू नका.