वाचकांचे प्रश्न : बाळंतिणीच्या घरी कोणाशी बोलावे?

प्रश्न : खानापूर तालुक्याच्या जांबोटी भागात आमचा स्त्रीशक्ती गट आहे. गेल्या वर्षी आम्ही गरोदर महिलांसाठी तज्ज्ञांचे व्याख्यान ठेवले होते आणि त्याला गर्दीही चांगली झाली. तरीही घरोघरी पूर्वीचेच चालू आहे. पहिले चिकाचे दूध पिळून टाकतात, बाळंतिणीला पाणी मोजून देतात आणि लोहाच्या गोळ्या फडताळात पडून राहतात. आम्ही काय करावे?

उत्तर : तुमच्या व्याख्यानाला गरोदर सुना आल्या, पण ज्यांच्या शब्दाने घर चालते त्या सासवा, आज्या आणि बाळाला न्हाऊ घालणाऱ्या बायका आल्या होत्या का? सुनेने काय खावे, चीक पाजावा की टाकावा, पाणी किती द्यावे हे आपल्याकडे बहुतेक घरांत त्याच ठरवतात. त्यामुळे सुनेला सगळे पटले तरी घरी गेल्यावर तिचा इलाज चालत नाही. पुढच्या बैठकीचे पहिले आमंत्रण सासूला द्या आणि तिला ऐकायला नव्हे, सांगायला बोलवा.

या पद्धतीला भक्कम आधार आहे. झारखंड आणि ओडिशातील आदिवासी गावांत ‘एकजुट’ या संस्थेने 2005 ते 2008 या काळात महिलांच्या मासिक बैठका चालवल्या. बैठक घेणारी बाई डॉक्टर नव्हती, त्याच भागातली होती. चित्रे आणि गोष्टी यांच्या आधारे बायकांनी आपल्या गावात बाळे का दगावतात हे आपणच शोधले, उपाय आपणच निवडले आणि मग ते साऱ्या गावापुढे मांडले. जिथे अशा बैठका नव्हत्या त्या भागाच्या तुलनेत तीन वर्षांत नवजात मृत्यूंचे प्रमाण 32 टक्क्यांनी कमी राहिले. त्याआधी गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी गावातल्याच बायकांना नवजात बाळाची देखभाल शिकवली होती आणि तिथे नवजात मृत्युदर 62 टक्क्यांनी घटल्याचे 1999 साली प्रसिद्ध झाले. आज आशा कार्यकर्ती बाळंतिणीच्या घरी येते, त्यामागे या कामाचा मोठा वाटा आहे. आपल्या बेळगाव जिल्ह्यातही प्रसूतीनंतरचा रक्तस्राव रोखणाऱ्या गोळीचा अभ्यास गावपातळीवरील परिचारिकांच्या हातूनच पार पडला. 2006 साली प्रसिद्ध झालेल्या त्या निष्कर्षांनुसार अशा रक्तस्रावाचे प्रमाण 12 टक्क्यांवरून 6.4 टक्क्यांवर आले. एवढे सविस्तर सांगण्याचे कारण असे की गावातली बाई हे काम करू शकते याविषयी आपल्या मनात शंका नसावी.

बैठक अंगणवाडीत घ्या आणि शक्यतो जेवणाच्या वेळी घ्या. 2017 पासून कर्नाटकात ‘मातृपूर्णा’ योजनेखाली गरोदर आणि स्तनदा मातांना तिथे एक वेळचे गरम जेवण मिळते, म्हणजे बोलायचा विषय ताटातच वाढलेला असतो. काल सकाळपासून रात्रीपर्यंत काय खाल्ले, हे प्रत्येकीला सांगू द्या. आपल्या भागात नाचणी, हुलगे, मटकी, शेवग्याचा पाला, भुईमूग आणि गूळ घरात असतात. प्रश्न असतो तो सुनेच्या वाट्याला किती येते याचा. स्तनदा मातेला पहिल्या सहा महिन्यांत रोज सुमारे 600 कॅलरी जास्त लागतात. एक जास्तीची भाकरी, वाटीभर उसळ आणि मूठभर शेंगदाणे-गूळ यांतून त्यांतल्या बहुतेक भागतात. अळीव, डिंक, मेथी ही सासूबाईंची परंपरा चांगलीच आहे, तिचे मोकळेपणाने कौतुक करा. तेवढे केल्यावर पाण्याचा विषय काढा : अंगावर पाजणाऱ्या बाईला तहान जास्त लागते आणि पाणी मोजून दिल्याने तिचे कोणतेही भले होत नाही.

गोळ्या फडताळात का राहतात, हेही ओरडून नव्हे, विचारून कळते. मळमळते, पोट जड होते, शौचाला काळे होते म्हणून बाई घाबरते. काळे होणे हा लोहाचा नेहमीचा परिणाम आहे, त्यात धोका नाही. रात्री जेवणानंतर गोळी घेतली तर मळमळ कमी जाणवते, आणि जेवणात लिंबू असेल तर लोह चांगले शोषले जाते. चहा, दूध आणि कॅल्शियमची गोळी मात्र तिच्याबरोबर घेऊ नये. चौथ्या महिन्यापासून किमान 180 दिवस आणि बाळंतपणानंतर आणखी 180 दिवस ही गोळी घ्यायची असते. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातील 52.2 टक्के गरोदर स्त्रियांचे हिमोग्लोबिन 11 ग्रॅमपेक्षा कमी आढळले, म्हणजे ही दोन-चार घरांची अडचण नाही.

दोन गोष्टी आणखी सांगतो. भाताच्या लावणीत आणि सुगीत बैठक ठेवू नका, कोणी येणार नाही आणि न आल्याचा दोषही कोणाला देता येणार नाही. शिवाय ‘तायी कार्ड’ (गरोदरपणाच्या नोंदींचे कार्ड) आणि भिंतीवरचे तक्ते कन्नडमध्ये असतात, तेव्हा दोन्ही भाषा जाणणाऱ्या आशाताईंकडून ते मराठीत मोठ्याने वाचून घ्या.

प्रश्न : आम्ही उचगावजवळ राहतो. सुनेचे माहेर चंदगड तालुक्यात आहे. सातव्या महिन्यात ओटी भरली की ती माहेरी जाईल. नोंदणी कर्नाटकात आणि बाळंतपण महाराष्ट्रात, यात काही अडचण येईल का?

उत्तर : सरकारी रुग्णालयातील प्रसूती, शस्त्रक्रिया झाली तर तीही, औषधे आणि ने-आण यांचा खर्च 2011 च्या जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमानुसार देशभर मोफत आहे, त्यामुळे हद्दीची भीती बाळगू नये. अडचण येते ती माहितीची. निघण्यापूर्वी आशाताईंकडून रक्तगट, हिमोग्लोबिन, रक्तदाब, धनुर्वाताच्या इंजेक्शनच्या तारखा आणि प्रसूतीची अपेक्षित तारीख एका कागदावर मराठीत उतरवून घ्या आणि मूळ कार्डही सुनेबरोबर द्या.

त्याहून महत्त्वाचे म्हणजे माहेरच्या गावातील आशा आणि अंगणवाडी यांना ती आल्याचे लगेच कळवा. रुग्णालयात प्रसूती झाली तर 3, 7, 14, 21, 28 आणि 42 व्या दिवशी आशा घरी येऊन बाळाचे वजन आणि ताप पाहते, पण माहेरवाशीण गावात आली आहे हेच तिला ठाऊक नसेल तर ती येणार कशी? सर्वांत नाजूक दिवस अशाने कोणाच्याच नजरेखाली राहत नाहीत. विहीणबाईंशीही आधीच मोकळेपणाने बोलून घ्या, कारण पहिले सव्वा-दीड महिना बाळ त्यांच्या हाती असणार आहे.

प्रश्न : आमच्या घरी अंडे चालत नाही. सुनेने अंगणवाडीतले जेवण घ्यावे का? (निपाणी)

उत्तर : अवश्य घ्यावे. अंड्याऐवजी मोड आलेली कडधान्ये मागावीत आणि दूध-दही रोज पोटात जाईल असे पाहावे, कारण शाकाहारात बी-12 जीवनसत्त्व मुख्यतः त्यातूनच मिळते.

प्रश्न : बाळ जन्मताच मध चाटवणे, घुटी देणे आणि लगेच अंघोळ घालणे आमच्याकडे शुभ मानतात. डॉक्टर नको म्हणतात. वडीलधाऱ्यांना कसे समजवावे?

उत्तर : त्यांना काही करू नका म्हणण्यापेक्षा करण्यासारखे काम द्या. बाळ कोरडे पुसून आईच्या छातीशी उघड्या अंगाला लावणे आणि पहिल्या तासात चीक पाजणे हे मान आजीचे आहेत असे सांगा. मधातून लहान बाळाला क्वचित पण गंभीर विषबाधा होऊ शकते, म्हणून वर्षाच्या आत मध देऊ नये, आणि सहा महिन्यांपर्यंत आईच्या दुधाखेरीज घुटी, साखरपाणी, साधे पाणी यांपैकी काहीही नको. पहिली अंघोळ किमान 24 तास पुढे ढकलावी, कारण नुकत्याच जन्मलेल्या बाळाचे अंग झपाट्याने गार पडते. बेंबीच्या नाळेवर तेल, हळद, राख लावू नये, ती कोरडीच गळू द्यावी. मालिश मात्र नाळ गळाल्यावर हलक्या हाताने जरूर करावी, आजींचा तो हक्क काढून घेऊ नका.

बाळ दूध ओढेनासे झाले, निपचित पडले, अंग गार लागले किंवा तापले, श्वास मिनिटाला 60 किंवा त्याहून जास्त वेळा चालू लागला, छाती आत ओढली जाऊ लागली, झटके आले, नाळेतून पू येऊ लागला किंवा तळहात-तळपाय पिवळे दिसू लागले, तर बारशाची वाट पाहू नये, दृष्ट काढण्यातही वेळ घालवू नये. 108 ला फोन करावा आणि गाडी येईपर्यंत व पुढे वाटेतही बाळाला आईच्या छातीशी धरून वरून पांघरुणाने झाकून ठेवावे.