दहावीला बेसिक गणित घेतले असताना अकरावीत मुख्य गणित झेपेल का?

माझ्या मते झेपेल. सीबीएसईने २०२० च्या परीक्षेपासून दहावीला स्टँडर्ड आणि बेसिक असे दोन स्तर ठेवले असले, तरी दोन्हींचा अभ्यासक्रम एकच असून फरक प्रश्नपत्रिकेच्या काठिण्यपातळीचा आहे. म्हणजे तुमचा एकही धडा सुटलेला नाही, सुटला आहे तो अवघड उदाहरणांचा सराव. अकरावीला गणित विषय घेण्याच्या अटी मात्र मंडळाने मधल्या काळात शिथिल केल्या आहेत, त्यामुळे चालू वर्षाचे परिपत्रक शाळेत आधी पाहून घ्यावे.

अकरावीत अडचण येते ती बहुधा नव्या संकल्पनेची नसून जुन्या बीजगणिताची असते. उदाहरणार्थ, क्ष ची किंमत ३ कडे जात असताना (क्ष² − ९) ÷ (क्ष − ३) ची सीमा (लिमिट, म्हणजे ही राशी ज्या किमतीच्या जवळ जाते ती) काढायची असेल, तर थेट ३ घातल्यास शून्य भागिले शून्य येते. पण अंशाचे अवयव पाडून (क्ष − ३) हा समान अवयव काढला की क्ष + ३ उरते आणि उत्तर ६ मिळते. यात सीमेचा भाग एका ओळीचा आहे, बाकी सगळे नववीचे अवयव आहेत. म्हणून सुट्टीत कलनाचे (कॅल्क्युलसचे) क्लास लावण्याऐवजी (पालकांना हे पटत नाही, हे खरे) अवयव, वर्गसमीकरणे आणि त्रिकोणमितीय नित्यसमानता रोज तासभर, उत्तर न पाहता, वहीत सोडवाव्यात.